ट्राउटमान यांना मान मोडल्याचे ठाऊक नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत जर्मन गोलरक्षक बर्ट ट्राउटमान यांच्याविषयी एक चौकट प्रसिद्ध झाली आहे. ‘मान मोडली, पण मैदान सोडले नाही’ असा तिचा मथळा आहे. इंग्लंडमधल्या १९५६ च्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मान मोडल्याचे कळूनही ते शेवटच्या शिटीपर्यंत खेळत राहिले आणि आजच्या मुलांनी त्यांच्याकडून ही जिद्द शिकावी, असे तिच्यात म्हटले आहे. मी माटुंग्याला राहतो. उमेदीच्या वयात ऑफिसच्या संघाकडून मुंबईच्या हारवूड फुटबॉल लीगमध्ये गोलरक्षक म्हणून खेळलो आणि निवृत्तीनंतर गेली कित्येक वर्षे दादर-वडाळा भागातल्या शाळकरी मुलांना सकाळच्या वेळी गोलरक्षण शिकवतो. ट्राउटमान हे माझ्यासाठी फार आदराचे नाव आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. त्या चौकटीत वस्तुस्थितीची एक चूक आहे, आणि त्या चुकीवर जो उपदेश उभा केला आहे तो मुलांच्या जिवाशी खेळणारा आहे.

आधी चुकीविषयी. मान मोडल्याचे ट्राउटमान यांना सामन्यात कळलेच नव्हते. ५ मे १९५६ रोजी वेम्बली मैदानावर मँचेस्टर सिटी आणि बर्मिंगहॅम सिटी यांच्यात हा सामना झाला. ट्राउटमान यांची मँचेस्टर सिटी ३-१ अशी पुढे होती आणि सुमारे सतरा मिनिटांचा खेळ उरला होता. बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी चेंडू घेऊन आत घुसत असताना ट्राउटमान यांनी त्याच्या पायांवर झेप घेतली. चेंडू हाती आला, पण त्याच वेळी मर्फीचा गुडघा त्यांच्या मानेवर आदळला. ते बेशुद्धीच्या काठावर पोहोचले. प्रशिक्षकांनी मैदानात येऊन तोंडावर पाणी मारले, मानेला चोळले आणि त्यांना उभे केले. एखाद्या सहकाऱ्याला गोलमध्ये उभे करावे, असेही सुचवले गेले. ते त्यांनी मानले नाही. त्यानंतरचे सगळे धुक्यात घडल्यासारखे होते, असे ते पुढे सांगत असत. त्या धुक्यातच त्यांनी आणखी काही चेंडू अडवले आणि आणखी एकदा टक्कर खाल्ली, तीही आपल्याच संघातल्या बचावपटूशी. विजेत्याचे पदक घेण्यासाठी पायऱ्या चढून गेले तेव्हा मान एका बाजूला कलली होती आणि ती राजपुत्र फिलिप यांच्याही नजरेतून सुटली नाही. रात्री संघाच्या मेजवानीला ते हजर होते. मान दुखते, वळत नाही, एवढेच त्यांना कळत होते आणि मान आखडली आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते.

खरा प्रकार उघड झाला तो सामन्यानंतर चार दिवसांनी, मँचेस्टरमध्ये एक्स-रे काढल्यावर. मानेचे पाच मणके जागचे सरकले होते आणि दुसऱ्या मणक्याचे दोन तुकडे झाले होते. तिसरा मणका त्या तुटक्या मणक्याला पाचरीसारखा अडकून बसला होता, म्हणून ते जिवंत होते. मधल्या चार दिवसांत एखादा धक्का लागला असता, आगगाडीत मान जोरात हिंदकळली असती किंवा कोणी प्रेमाने मान दाबून दिली असती, तर काहीही होऊ शकले असते. आपल्याकडे अशा वेळी ‘जिवावरचे बोटावर निभावले’ म्हणतात. इथे बोटभरही अंतर उरले नव्हते. जे मुळात ठाऊकच नव्हते त्यावर मात केली असे म्हणता येत नाही, आणि योगायोगाने वाचलेल्या जिवाला जिद्दीचा पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मग ते बाहेर का गेले नाहीत, हा प्रश्न उरतो. त्या काळी बदली खेळाडूची सोयच नव्हती. इंग्लिश लीगमध्ये जखमी खेळाडूच्या जागी एक खेळाडू उतरवण्याची परवानगी मिळाली ती १९६५-६६ च्या हंगामापासून. १९५६ मध्ये गोलरक्षक बाहेर पडला तर दहा जण उरणार आणि त्यांतल्याच एकाने हात वापरायचे, असा व्यवहार होता. दहा जणांनी खेळणे म्हणजे काय, हे ट्राउटमान यांनी बरोबर एक वर्षापूर्वी याच मैदानावर भोगले होते. १९५५ च्या अंतिम सामन्यात त्यांचा सहकारी जिमी मेडोज सुरुवातीलाच गुडघ्याला इजा होऊन बाहेर गेला. मेडोजची कारकीर्द तिथेच संपली आणि दहा जणांनिशी खेळलेली मँचेस्टर सिटी न्यूकॅसलकडून १-३ अशी हरली. त्या पराभवात गोलमध्ये उभा असलेला माणूस पुढच्या वर्षी बाहेर यायला तयार होत नाही, यात मला त्याच्या मनाची घडण दिसते आणि तिला माझा नमस्कार आहे. पण त्याहून अधिक मला त्या नियमाची क्रूरता दिसते. एक बदली खेळाडू मिळाला असता तर ट्राउटमान मैदानाबाहेर आले असते आणि त्यांना तेव्हाच डॉक्टरांकडे नेता आले असते.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट कारण आहे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात शाळकरी मुलांच्या एका स्पर्धेत माझा संघ खेळत होता. मुंबईचे पावसाळ्यातले मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना गोलपुढची जागा कशी असते ते सांगायला नको. गवत कधीच निघून गेलेले, तिथे घोट्याएवढे पाणी साचलेले, आणि संयोजकांनी त्यावर रेतीची दोन घमेली ओतून वेळ मारून नेलेली. आमचा गोली नववीतला होता, अंगाने किरकोळ, पण चेंडूवर झेपावताना कचरणारा नव्हता. समोरचा खेळाडू एकटाच आत आला आणि आमच्या मुलाने त्याच्या पायांत झेप घेतली. मी मुलांना नेहमी सांगतो की पायांवर जाताना आडवे जावे, आधी हात चेंडूवर पोहोचावेत, अंग लांब पसरून भिंत करावी आणि डोके दंडांच्या आड ठेवावे. चिखलात पाय घसरला आणि तो सरळ डोके पुढे करून गेला. समोरच्या मुलाचा गुडघा त्याच्या कानाच्या वर लागला. तो आवाज मला बाहेर, रेषेपाशी ऐकू आला.

चेंडू त्याने सोडला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पालक ‘शाब्बास’ म्हणून ओरडले. मी आत धावलो, त्याला बसते केले, पाणी दिले आणि विचारले, ‘खेळशील ना?’ तो म्हणाला, ‘हो सर.’ मी त्याच्या पाठीवर थाप मारून बाहेर आलो. बाकावर दुसरा गोली बसलेला होता, हातमोजे घालून तयार होता. मी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

पाच-सात मिनिटांनी आम्हाला गोलकिक मिळाली तेव्हा तो चेंडू घेऊन नुसता उभा राहिला आणि आपल्या बचावपटूला विचारू लागला की आपण कुठल्या बाजूला खेळतो आहोत. तो मुलगा हसला, त्याला थट्टा वाटली. हाफ टाइमला आमच्या गोलीने मला स्कोअर विचारला, मी सांगितला, आणि दोन मिनिटांनी त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग त्याला ओकारी झाली. तेव्हा माझ्या पायांखालची जमीन सरकली. मैदानावर डॉक्टर नव्हते, स्ट्रेचर नव्हते, रुग्णवाहिका नव्हती. आम्ही दोघांनी हाताची पालखी करून त्याला रस्त्यापर्यंत नेले आणि टॅक्सीने जवळच्या रुग्णालयात पोहोचवले. आज मला कळते की मानेला मार लागल्याची शंका असताना असे उचलून नेणे हीदेखील चूकच होती. सुदैवाने डोक्याच्या तपासणीत रक्तस्राव आढळला नाही. मेंदूला हादरा बसला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले, एक दिवस देखरेखीखाली ठेवले आणि कित्येक आठवडे खेळ बंद करायला लावला.

त्याची आई कामावरून तशीच धावत आली. ती मला रागावून काही बोलली नाही. तिने इतकेच विचारले की, सर, त्याला बरे वाटत नव्हते तर तुम्ही त्याला बाहेर का काढले नाहीत. मला उत्तर देता आले नाही. मुलगा खाटेवर पडल्या पडल्या मध्येच म्हणाला, ‘आई, सरांनी सांगितलेला तो जर्मन गोली मान मोडली तरी खेळला होता.’ ही गोष्ट त्याला मीच सांगितली होती, आणि आपल्या चौकटीत जशी छापली आहे अगदी तशीच सांगितली होती.

त्या दिवसापासून मी ती गोष्ट तशी सांगणे बंद केले. ट्राउटमान यांच्याविषयी जे मिळेल ते वाचले, आणि तेव्हा उमगले की एका माणसाच्या एकोणनव्वद वर्षांच्या आयुष्यातली सतरा मिनिटे उचलून आपण बाकीचा माणूस टाकून दिला आहे. आपल्या वाचकांसाठी त्यातले थोडे लिहितो, कारण मुलांना धैर्य शिकवायचे तर ते इथे भरपूर आहे आणि त्यासाठी कोणाची मान मोडावी लागत नाही.

ट्राउटमान यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९२३ रोजी ब्रेमेन शहरात झाला. वडील गोदीजवळच्या खतांच्या कारखान्यात कामाला होते. वयाच्या दहाव्या वर्षी ते हिटलरच्या बालसंघटनेत दाखल झाले, सतराव्या वर्षी हवाई दलात भरती होऊन पुढे छत्रीधारी सैनिक झाले आणि पूर्व आघाडीवर लढले. पराक्रमासाठी त्यांना आयर्न क्रॉस मिळाला. निरपराध माणसांची सामूहिक कत्तल त्यांनी त्या आघाडीवर डोळ्यांनी पाहिली होती आणि उतारवयात त्यांनी ते सांगितले. लहानपणापासून डोक्यात भरवलेल्या विचारांपासून आपण कसे दूर झालो, हेही त्यांनी लपवले नाही. युद्धाच्या शेवटी ते ब्रिटिशांच्या हाती लागले आणि लँकाशायरमधल्या ॲश्टन-इन-मेकरफील्ड गावाजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोहोचले. तिथे ते मधल्या फळीत खेळायचे. एका सामन्यात दुखापत झाली म्हणून त्यांनी गोलरक्षकाशी जागा बदलली आणि ते गोलमध्ये उभे राहिले ते कायमचे. ‘बेर्न्ड’ हे नाव इंग्रजांच्या जिभेला वळेना, म्हणून त्याचे ‘बर्ट’ झाले.

१९४८ मध्ये मायदेशी परतण्याची संधी आली तेव्हा त्यांनी इंग्लंडमध्येच राहायचे ठरवले. शेतावर काम केले, न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याच्या कामावरही होते, आणि सुट्टीच्या दिवशी सेंट हेलेन्स टाउन या छोट्या क्लबसाठी गोल सांभाळत होते. ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्यांना घेतले. युद्ध संपून जेमतेम चार वर्षे झाली होती. जर्मन बॉम्बहल्ल्यांत मँचेस्टरची वस्ती उद्ध्वस्त झाली होती, आणि हिटलरच्या जाचातून पळून आलेले अनेक ज्यू त्याच शहरात राहत होते. आपल्या मायबाप प्रेक्षकांच्या लाडक्या गोलरक्षक फ्रँक स्विफ्टच्या जागी एक जर्मन छत्रीधारी सैनिक उभा राहणार, हे लोकांना सहन झाले नाही. सुमारे वीस हजार लोकांनी रस्त्यावर उतरून निषेध केला. क्लबचा कर्णधार एरिक वेस्टवूड हा स्वतः नॉर्मंडीच्या लढाईतला सैनिक होता. या ड्रेसिंग रूममध्ये युद्ध नाही, असे म्हणून त्याने ट्राउटमान यांचे स्वागत केले.

आणि मग एक पत्र आले. संपादक महोदय, हे मी आपल्याला मुद्दाम सांगतो, कारण ते वृत्तपत्रासाठी लिहिलेले जाहीर पत्र होते. मँचेस्टरचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, डॉ. अलेक्झांडर आल्टमन १९३८ मध्ये जर्मनीतून जीव वाचवून आले होते आणि त्यांचे आई-वडील नाझींच्या हत्याकांडात मारले गेले होते. ज्या माणसाला राग धरण्याचा सर्वांत मोठा हक्क होता त्यानेच लिहिले की, जर्मनांनी केलेल्या गुन्ह्यांची शिक्षा एका व्यक्तीला देणे न्यायाचे नाही आणि या माणसाला त्याच्या स्वतःच्या गुणांवर तोलले जावे. पत्र छापून आल्यावर विरोधाची धार हळूहळू बोथट झाली. वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर पुष्कळदा घाईत चाळले जाते. मी मात्र त्या पत्राची आठवण ठेवूनच आपले हे सदर वाचतो.

शहराबाहेरचे प्रेक्षक तरीही बदलले नव्हते. जानेवारी १९५० मध्ये ट्राउटमान लंडनमध्ये पहिल्यांदा खेळले, फुलहॅमविरुद्ध. सामना सुरू झाल्यापासून त्यांच्यावर ‘नाझी’ अशा आरोळ्या पडत होत्या. गोलरक्षकाची जागा अशी असते की प्रेक्षक त्याच्या पाठीशी, अगदी काही हातांवर उभे असतात आणि त्याला पळायला कोपरा नसतो. मुंबईच्या कूपरेज मैदानावर जाळीमागून पडणाऱ्या शिव्या मी ऐकल्या आहेत. त्या माझ्या खेळाला होत्या, माझ्या जन्माला नव्हत्या, तरीही दुसऱ्या दिवशी ऑफिसात कामात मन लागत नसे. ट्राउटमान यांनी त्या दिवशी एकामागून एक चेंडू अडवले. सिटी एका गोलने हरली, पण सामना संपला तेव्हा त्याच प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही संघांचे खेळाडू रांग करून टाळ्या वाजवत उभे राहिले. एखाद्या मुलाला जिद्दीचे चित्र दाखवायचे असेल तर त्या नव्वद मिनिटांचे दाखवावे, असे मला मनापासून वाटते.

गोलरक्षक म्हणून त्यांचे वेगळेपण कशात होते, हेही चौकटीत आले असते तर बरे झाले असते. त्या काळचा इंग्लिश गोलरक्षक चेंडू हाती आला की तो उंच आणि लांब मारून मोकळा होई. ट्राउटमान लहानपणी हँडबॉल खेळलेले होते, त्यामुळे त्यांचा खांदा आणि मनगट दोन्ही तयार होते. ते चेंडू लांबवर, जमिनीलगत, नेमक्या सहकाऱ्याच्या पायात फेकत. केन बार्न्सकडे फेक, तिथून मागे येऊन खेळणाऱ्या डॉन रेव्हीकडे पास, आणि अडवलेल्या चेंडूतूनच हल्ला सुरू. आज प्रत्येक मोठा गोलरक्षक संघाचा पहिला आक्रमक मानला जातो. ट्राउटमान हे सत्तर वर्षांपूर्वी हातांनी करत होते. मी मुलांना ही फेक शिकवतो. कोपर कानाजवळून न्यायचे, पुढचा पाय लक्ष्याकडे रोखायचा आणि चेंडू बोटांवरून सोडायचा. ती जमली की मुलाचा चेहरा असा खुलतो की पेनल्टी अडवूनही खुलणार नाही.

१९५६ मध्ये इंग्लंडच्या क्रीडा पत्रकारांनी त्यांना वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडले. हा मान मिळालेले ते पहिले गोलरक्षक होते. त्याच वर्षी मान मोडली, कित्येक महिने प्लास्टरमध्ये गेले, आणि ते अजून त्या अवस्थेत असतानाच त्यांचा पाच वर्षांचा मोठा मुलगा जॉन मोटार अपघातात गेला. ते पुन्हा मैदानावर उतरले तेव्हा पहिल्यासारखा आत्मविश्वास नव्हता, तो परत मिळवायला वेळ लागला. ‘मान मोडली तरी खेळला’ असे म्हणून टाळ्या घेणारी गोष्ट हे महिने कधीच सांगत नाही. पुढे संसारही मोडला.

मँचेस्टर सिटीसाठी १९४९ ते १९६४ या काळात ते ५४५ सामने खेळले. एप्रिल १९६४ मध्ये त्यांच्या गौरवार्थ झालेल्या सामन्याला अधिकृत आकड्यानुसारच ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. बॉबी चार्लटन आणि स्टॅनली मॅथ्यूज यांच्यासारखे खेळाडू त्या दिवशी त्यांच्यासाठी मैदानात उतरले. ज्या शहराने पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढला होता, त्याच शहराचा हा निरोप होता. जर्मनीसाठी मात्र ते एकदाही खेळू शकले नाहीत, कारण प्रशिक्षक सेप हेर्बर्गर परदेशी क्लबांतून खेळणाऱ्यांना संघात घेत नसत. निवृत्तीनंतर जर्मन फुटबॉल संघटनेने त्यांना मार्गदर्शक म्हणून ब्रह्मदेश, टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान आणि येमेन या देशांत पाठवले. ब्रह्मदेशाचा संघ त्यांच्या मार्गदर्शनाच्या काळात १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये खेळला आणि त्याने सुदानला हरवले. आपण ऑलिंपिक फुटबॉल शेवटचे खेळलो ते १९६० मध्ये, रोममध्ये, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातील सलोख्यासाठी केलेल्या कामाबद्दल २००४ मध्ये ब्रिटनने त्यांना ओबीई हा सन्मान दिला. १९ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये त्यांचे निधन झाले.

डोक्याला मार लागूनही गोलमध्ये उभे राहण्याची ही गोष्ट जुन्या काळाबरोबर संपली, असे कोणी समजू नये. २६ मे २०१८ रोजी कीव्हमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. लिव्हरपूलचा जर्मन गोलरक्षक लोरिस कारियस याला दुसऱ्या अर्धात रेआल माद्रिदच्या सर्जिओ रामोसचे कोपर लागले आणि त्यानंतर त्याच्या हातून दोन ढोबळ चुका झाल्या. जगभर त्याची टर उडवली गेली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. काही दिवसांनी अमेरिकेत बोस्टनला तपासणी झाली तेव्हा त्या सामन्यात त्याच्या मेंदूला हादरा बसल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ट्राउटमान यांचा संघ जिंकला म्हणून ते वीर झाले आणि कारियसचा हरला म्हणून तो हास्यास्पद ठरला. दोघांनाही त्या क्षणी मैदानाबाहेर नेऊन तपासायला हवे होते, आणि कारियसच्या वेळी तर बदली गोलरक्षक बाकावर हजर होता.

आता फुटबॉलच्या नियमांतही बदल झाला आहे. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूसाठी नेहमीच्या संख्येबाहेर वेगळा बदली खेळाडू देण्याची मुभा स्पर्धांना २०२४ पासून मिळाली आहे. रेफरीने गंभीर इजा दिसताच खेळ थांबवावा, असे नियम सांगतोच. लहान मुलांच्या स्पर्धांत प्रश्न नियमांचा नसतोच, कारण बदली मुले बाकावर ताटकळत बसलेली असतात. प्रश्न बाहेर उभ्या असलेल्या आम्हा मोठ्या माणसांचा असतो. मुलाला ‘खेळशील ना’ असे विचारले तर तो ‘हो’च म्हणणार; ज्याच्या मेंदूला हादरा बसला आहे त्याच्या उत्तरावर विसंबणे यासारखी चूक नाही. स्कोअर काय, कोणाशी खेळतो आहोत, मागचा गोल कोणी केला, असे साधे प्रश्न विचारावेत, आणि उत्तर बरोबर आले तरी शंका असल्यास त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवू नये. पहिला मार भरून येण्याआधी लागलेला दुसरा मार कोवळ्या वयात प्राणघातक ठरू शकतो, हे मला त्या मुलाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा मी निवृत्त झालेला माणूस होतो. उभे आयुष्य गोलमध्ये काढून मला हे ठाऊक नव्हते.

मैदानावर माणूस दगावतो, हेही आपल्या देशाने पाहिले आहे. डिसेंबर २००४ मध्ये बंगळूरुला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबच्या क्रिस्टियानो ज्युनियरने गोल केला आणि त्याच क्षणी समोरच्या गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. तो पुन्हा उठला नाही. तो देशातल्या नामांकित स्पर्धेचा अंतिम सामना होता. आपल्या उपनगरांतल्या शाळकरी स्पर्धांत तर बहुतेक वेळा बर्फाची पिशवी आणि वेदनाशामक फवारा यापलीकडे काही नसते. चषक, फलक, पाहुण्यांसाठी शाली-श्रीफळ यांचा खर्च निघतो, तर एक स्ट्रेचर, मानेचा पट्टा आणि प्रथमोपचार शिकलेला एक माणूस यांचाही निघाला पाहिजे. मी कोणत्याही संयोजकाकडे बोट दाखवत नाही, कारण पहिले बोट माझ्याकडेच वळते.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. ट्राउटमान यांना मान मोडल्याचे सामन्यात नव्हे, तर चार दिवसांनी कळले, ही दुरुस्ती आपण त्याच पुरवणीत, शक्य झाल्यास तेवढ्याच ठळकपणे छापावी, कारण ती चौकट अनेक शाळांच्या फळ्यांवर लागली असेल. दुसरी विनंती अशी की, यंदाच्या पावसाळी स्पर्धांचे निकाल आपण छापाल तेव्हा मैदानावर डॉक्टर आणि स्ट्रेचर होते की नाही, हेही आपल्या वार्ताहरांनी एका ओळीत नोंदवावे. छापून येणार म्हटले की पुष्कळ गोष्टी वेळेवर हजर होतात, असा माझा अनुभव आहे.

तो मुलगा आता महाविद्यालयात आहे आणि अजूनही गोलमध्येच उभा राहतो. मागच्या महिन्यात त्याच्या संघातल्या एका खेळाडूच्या डोक्याला डोके आपटले तेव्हा त्याने गोल सोडून मैदानाच्या मध्यापर्यंत धावत जाऊन रेफरीला खेळ थांबवायला लावला, आणि त्या मुलाला हाताला धरून बाहेर नेऊन बसवले. त्याच्या संघाने तो सामना गमावला. संध्याकाळी त्याने मला फोन करून हे सगळे सांगितले, तेव्हा स्कोअर विचारायचे माझ्या लक्षातच राहिले नाही.

आपला विश्वासू,
एक जुना गोलरक्षक
माटुंगा, मुंबई